‘चालू ठेवा’ एवढ्याने भागत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



माझे वडील रोज सकाळी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून मनगटावर तीन बोटं ठेवतात आणि मिनिटभर नाडी मोजतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडतात: ८८, ९०, ८६. त्यांच्या हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं आहे. रुग्णालयातून घरी सोडताना कार्वेडिलॉल ३.१२५ मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, लिहून दिली. सात महिने तेवढीच चालली. ही गोळी सोसेल तशी साधारण दर दोन आठवड्यांनी दुप्पट करत २५ मिलीग्रॅमपर्यंत न्यायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. कार्डावर दोनच शब्द होते: ‘चालू ठेवा’.

कार्वेडिलॉल हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध; एके काळी थकलेल्या हृदयाला बीटा ब्लॉकर देणं धोक्याचं मानत. १९७५ साली स्वीडनमध्ये फिन वागस्टीन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांवर नेमकं तेच करून पाहिलं. १९९९च्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्या चाचण्यांतही डोस हळूहळू चढवतच नेला होता.

आमच्याकडे पुढच्या डॉक्टरांनी कार्वेडिलॉल न वाढवता थेट आयव्हाब्रॅडिन जोडली. औषध चांगलं आहे. रक्तदाब न उतरवता ते ठोके कमी करतं. २०१०च्या ‘शिफ्ट’ चाचणीत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती होण्याचा एकत्रित धोका १८ टक्क्यांनी घटला. पण ते नियमित लयीच्या हृदयासाठी, तेही बीटा ब्लॉकर झेपेल तितका वाढवूनही नाडी सत्तरच्या खाली येत नसेल तर. शिवाय देवघरात दिवा लावला की वडिलांना डोळ्यांपुढे तेजाची वलयं दिसू लागली. दृष्टी जातेय या भीतीने त्यांनी गोळी परस्पर बंद केली. हा त्या औषधाचा ओळखीचा, बहुधा आपोआप ओसरणारा परिणाम आहे, हे नंतर कळलं.

साहेब, नवं यंत्र मागत नाही. हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर मराठीत चार ओळी छापा: रुग्णालयातून घरी सोडलं त्या दिवशीची नाडी, आजचा डोस आणि गाठायचा डोस, पुढच्या तपासणीची तारीख, आणि ‘त्रास झाला तर विचारा, गोळी एकदम बंद करू नका’. गावच्या उपकेंद्रात नाडी आणि रक्तदाब पाहून नोंदवायला सांगा. डोस डॉक्टर ठरवतील.

वडिलांचा कार्वेडिलॉलचा डोस आता टप्प्याटप्प्याने वाढला आहे. आज सकाळी कॅलेंडरवर ६६ लिहिलं आणि खाली तारीख घातली. त्या नोंदीची जागा त्यांच्या कार्डावर असायला हवी होती.

आपली नम्र,
एका हृदयरुग्णाची मुलगी