विश्लेषण : हाडाच्या कर्करोगात पाय वाचणार की जाणार, हे पहिल्या सुईवर का ठरते?

गुडघ्याच्या वर सूज, रात्री वाढणारी ठणक, वय १४-१५. कबड्डीत मार लागला असेल, असा निष्कर्ष घरात लगेच निघतो. मग लेप, मालिश, हाडवैद्य. दुखणे हटेना म्हणून एक्स-रे काढेपर्यंत दोन-तीन महिने निघून जातात. त्यात हाडाचा कर्करोग दिसला की पहिला प्रश्न एकच : पाय कापावा लागेल का? आज बहुतेक रुग्णांसाठी याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचण्याआधीच हे उत्तर बिघडू शकते.

पाय न कापता गाठ कशी काढतात?

किशोरवयातला ऑस्टिओसार्कोमा बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास होतो. पायाचे हाड सर्वात वेगाने वाढते तेही तिथेच. १९७०च्या दशकापर्यंत पाय कापणे हाच उपाय होता आणि तरीही पाचपैकी जेमतेम एक रुग्ण वाचे, कारण कर्करोगाच्या पेशी बहुतेकांच्या फुप्फुसात आधीच पोहोचलेल्या असत. केमोथेरपी आल्यावर, रोग दूर पसरलेला नसेल तर दहापैकी सहा-सात रुग्ण वाचू लागले. आता आधी दोन-तीन महिने केमो देतात. मग गाठ असलेला हाडाचा भाग भोवतीच्या निरोगी स्नायूंच्या थरासकट काढून तिथे धातूचा सांधा, म्हणजे मेगाप्रोस्थेसिस, बसवतात. काही वेळा रुग्णाचेच हाड बाहेर काढून, गाठ खरवडून, किरणोत्साराचा एकच मोठा डोस देऊन परत बसवले जाते. गाठ कडेच्या निरोगी भागासह पूर्ण निघाली, तर पाय राखल्याने जिवाचा धोका वाढत नाही.

मग सुईचा संबंध काय?

निदानासाठी गाठीचा तुकडा घ्यावाच लागतो. सुई जिथून जाते, त्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडल्या असे धरले जाते आणि पुढे ती वाटही गाठीबरोबर काढावी लागते. म्हणून सुई नंतरच्या शस्त्रक्रियेच्या छेदाच्या रेषेतच हवी. ती भलत्या बाजूने गेली किंवा आडवा चिरा दिला गेला, तर जास्त कातडी आणि स्नायू काढावे लागतात. मग सांधा झाकायला काही उरत नाही. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ५९७ रुग्णांच्या अभ्यासात, बायोप्सीतील चुकांमुळे १८ जणांचा हात किंवा पाय विनाकारण कापावा लागल्याचे आढळले. अशा चुका विशेष केंद्राबाहेर कैक पटींनी जास्त होत्या. त्याहून वाईट म्हणजे साधे फ्रॅक्चर समजून हाडात रॉड घालणे. गाठीच्या पेशी त्यामुळे हाडाच्या पोकळीत दूरवर पसरतात.

जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या हाडाच्या डॉक्टरला असा रुग्ण क्वचितच दिसतो, त्यामुळे केवळ त्याला दोष देणे सोपे पण अन्यायाचे आहे. एक्स-रे संशयास्पद वाटला की हात न लावता रुग्ण कर्करोग केंद्राकडे पाठवायचा, एवढा नियम मात्र पाळता येण्याजोगा आहे. बायोप्सी ज्याने पुढे शस्त्रक्रिया करायची, त्याच्याच सल्ल्याने व्हावी.

वाचलेला पाय कायमचा का?

धातूचा सांधा हे शेवटी यंत्रच. त्यातले प्लास्टिक झिजते, खुंटी सैल होते, जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी लांबी वाढवता येणारे सांधे आहेत, पण ते महाग. परदेशी सांध्याची किंमत पाहून वडील जमीन विकायला निघतात, म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्वस्त देशी सांध्यासाठी केलेले काम मोलाचे.

मुख्य रक्तवाहिन्या आणि नसा गाठीने पूर्ण वेढल्या असतील, तर आजही पाय कापणेच योग्य ठरते. नेमक्या त्याच टप्प्यावर काही कुटुंबे ‘दुसरीकडे दाखवू’ म्हणून निघून जातात आणि परततात तेव्हा रोग फुप्फुसात असतो. कृत्रिम पायावर शाळेत जाणारा एखादा मुलगा त्यांना आधी भेटवला, तर यातले काहीजण थांबतील.