नौकेवरील संसार

वर्सोवा, मढ, गोराई येथील कोळी बांधव पावसाळ्यांत नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवितात व त्यांची डागडुजी करितात, हें अंधेरी-बोरिवलीकडील आमच्या वाचकांच्या पाहण्यांतलें आहे. परंतु जो महिनोन्‌महिने शिडाच्या नौकेंतच घर करून राहतो आणि ज्यास किनारा दिसतच नाहीं, त्यानें होडी कोठें ओढावी? अशा दर्यावर्दींचा पराक्रम लोक वादळांत शोधितात. आम्हांस तो त्यांच्या डागडुजींत अधिक दिसतो.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईंतच घडविली गेली. १४ जून १९६८ रोजीं ते इंग्लंडांतील फालमथ बंदरांतून एकटेच निघाले व कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं परतले. असें करणारे ते पहिलेच. अटलांटिक महासागरांतच नौकेच्या तळाची फट उघडून पाणी आंत येऊं लागलें. तेव्हां बुडी मारून फटींत कापूस ठोसावयाचा, वर शिडाच्या कापडाची पट्टी ठोकावयाची आणि दम संपला कीं वर यावयाचें, असा उद्योग चालला. मध्येंच एक शार्क घिरट्या घालूं लागला. त्यास बंदुकीनें मारून काम पुढें सुरू झालें. वीज उत्पन्न करणाऱ्या यंत्रांतील बारीक फट जुळविण्यास माप नव्हतें. रोजनिशीचीं दोनशें पानें मिळून एक इंच होतो, असा हिशेब करून त्यांनीं मोजकीं पानें फटींत घातलीं व ती जुळविली! मुलांकडून त्रैराशिक घोकून घेणाऱ्या गुरुजींनीं हें उदाहरण अवश्य सांगावें.

पुढें बॅटरींतील तेजाब डोळ्यांत उडालें. डोळा धुवून त्यांनीं औषध घातलें. दरबानकडे वळावें असें मनांत आलें, पण वळले नाहींत. डोळा वांचला, हें सुदैव. घरच्या कोणीं असा हट्ट केला असता, तर आम्हीं त्यास खचित रागें भरलों असतों.

आपले दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टांत ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले व चार बंदरांत थांबून २०१० च्या मे महिन्यांत परतले. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. ‘म्हादेई’ गोव्यांत रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली, आणि बांधणीवर दोंदे यांची स्वतःची देखरेख होती. भर समुद्रांत कांहीं बिघडल्यास हात कोठें घालावा, हें त्यांस निघण्यापूर्वींच ठाऊक होतें.

मात्र पाठीच्या कण्याची डागडुजी ज्याची त्यास करितां येत नाहीं. अभिलाष टॉमी २०१८ मध्यें एका शर्यतींत गोव्यांतच बांधलेली ‘सुहेली’ची प्रतिकृति ‘थुरिया’ घेऊन उतरले होते. २१ सप्टेंबर रोजीं हिंदी महासागरांतील वादळांत डोलकाठी मोडली व त्यांचा कणा दुखावला. तीन दिवसांनीं फ्रेंच जहाजानें त्यांस उचलून नेईपर्यंत ते नौकेंतच पडून होते. पुढें शस्त्रक्रिया होऊन कण्यांत धातूच्या सळ्या बसविल्या. २०२२ मध्यें ते त्याच शर्यतीस पुनः गेले. वाटेंत सुकाणू आपोआप सांभाळणाऱ्या यंत्राचें पातें निकामी झालें, तेव्हां त्यांनीं शौचकूपाचें दार कापून तें काम भागविलें आणि २०२३ च्या एप्रिलांत दुसऱ्या क्रमांकानें फ्रान्सच्या किनाऱ्यास लागले.