शंका-समाधान : संगणक जागा कोठून झाला?

एका वाचकांनीं असें विचारलें आहे : "संगणकांतील जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून दुकानदारानें शेजारीं नवी एस.एस.डी. बसविली व तिच्यावर विंडोज घातलें. जुनी डिस्क पुसून नातवास द्यावयाची आहे. संगणक नव्या डिस्कवरूनच सुरू होतो, हें निश्चित कसें समजावें?" पुसण्यापूर्वीं पुसलें, हें उत्तम झालें; मागाहून हेंच उत्तर फार महाग पडतें.

आरंभाची क्रिया एक नसून दोन आहेत. वीज मिळतांच मुख्य फलकावरील चिपमधला प्रोग्राम जागा होतो. पूर्वीं तेथें बायॉस असे. हल्लींच्या यंत्रांत यूईएफआय असतें. तें ठरलेल्या क्रमानें एक उपकरण निवडून त्यावरील लहानसा प्रोग्राम चालू करतें, आणि हा प्रोग्राम मग विंडोजला हाक मारतो. द्वारपाल एका वाड्यांत आणि यजमान दुसऱ्या वाड्यांत, असेंही असूं शकतें. जुनी डिस्क जोडलेली असतांना नवीवर विंडोज घातलें, तर पुष्कळदां द्वारपाल जुनीवरच राहतो.

धुरावरून अग्नीचें अनुमान करावें खरें. परंतु हेतु व्यभिचारी असेल तर तें फसतें, असें न्यायशास्त्र सांगतें. "विंडोज नव्या डिस्कवर आहे, म्हणून आरंभही तेथूनच" हें अनुमान तशांपैकींच होय.

मग प्रमाण कोणतें? विंडोजमध्यें 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावें. तेथें विभागांवर 'सिस्टम' व 'बूट' असे शब्द आढळतील. मौज अशी कीं, आरंभाचा प्रोग्राम असलेल्या विभागास 'सिस्टम' म्हणतात, आणि खुद्द विंडोज असलेल्या विभागास 'बूट'! म्हणून 'बूट' पाहून समाधान मानूं नये. 'सिस्टम' कोणत्या डिस्कच्या ओळींत आहे तें पाहावें. लिनक्स वापरणारांनीं यूईएफआयच्या यंत्रावर 'एफिबूटएमजीआर' ही आज्ञा द्यावी. 'बूटकरंट' या शब्दापुढें जो क्रमांक येईल, त्याच क्रमांकाची नोंद खालच्या यादींत पाहावी. यंत्र या खेपेस कोणत्या नोंदीवरून सुरू झालें, तें त्यावरून कळतें.

सर्वांत बलवान् प्रमाण मात्र प्रत्यक्ष. संगणक पूर्ण बंद करावा, वीज तोडावी, जुन्या डिस्कची केबल सोडवावी आणि मग संगणक सुरू करावा. विंडोज नेहमींप्रमाणें आलें, तर जुनीवांचून कांहीं अडत नाहीं, हें सिद्ध झालें. न आलें तरी हानि कांहींच नाहीं; केबल पुन्हां जोडावी आणि आरंभाचा प्रोग्राम नव्या डिस्कवर घालण्याचें काम जाणकाराकडून करवून घ्यावें.

यांत्रिक शंका येथें मिटली. एक व्यावहारिक गोष्ट उरली. जुन्या डिस्कवरील छायाचित्रें व कागदपत्रें आधीं दुसरीकडे उतरवून, तीं उघडतात कीं नाहीं तें पाहून घ्यावें. संगणक पुन्हां सुरू करतां येतो. पुसलेलीं छायाचित्रें परत मिळतीलच, असें नाहीं. तोंवर नातवानें चार दिवस धीर धरावा.