खिडकी लावून तळलेले कबाब

बीड शहरात भाड्याने राहणाऱ्या आपल्या एका शिक्षक बांधवाकडे गेल्या महिन्यात जेवायला गेलो होतो. वहिनींनी खिम्याचे शामी कबाब तळायला घेतले आणि सर्वांत आधी काय केले, तर स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. धुराने डोळे चुरचुरू लागले तरी उघडली नाही. विचारले तेव्हा म्हणाल्या, “भाऊजी, घरमालक माळकरी आहेत. आम्ही अंडंसुद्धा खात नाही, असं सांगून घर घेतलंय.”

भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, बाजूला बावीस प्रतिज्ञांचा फलक आणि खिडकी बंद! चवदार तळ्याचे पाणी उजेडी ओंजळीत घेणाऱ्या समाजाची सून आज आपल्याच घरात चोरून तळते आहे. दोष तिचा नाही. पण आपल्यातलेच काही सुशिक्षित आता या चोरीला तत्त्वज्ञान चिकटवू लागले आहेत. म्हणे बाबासाहेबांनीच मांस सोडायला सांगितले, म्हणे बौद्धाने शाकाहारीच असावे.

साफ चुकीचे आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस. ते गावकीच्या गुलामीशी बांधलेले होते. ढोर ओढायचे आपण आणि त्याच ढोराच्या मांसावरून विटाळ मानायचा गावाने! तो धंदा आणि ते खाणे टाकणे हे बंड होते. ताज्या मटणाची लाज बाळगा, असा त्याचा अर्थ कुठून निघाला? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर अस्पृश्यतेचे मूळच गोमांसाच्या प्रश्नात शोधले. कोण खात होते, कोणी केव्हा सोडले आणि सोडून वर कोण चढले, हे त्यांनी मांडून ठेवले आहे. वाचायचे कष्ट घेतले पाहिजेत.

आता वहिनींच्या कबाबांविषयी, कारण झाले होते झकास. ही विद्या त्या मोमीनपुऱ्यातल्या मैत्रिणीकडून शिकल्या. अर्धा किलो खिमा, अर्धी वाटी भिजवलेली हरभरा डाळ, लसूण, आले, सुकी मिरची, गरम मसाला हे थोड्या पाण्यात शिजवायचे आणि पाणी पूर्ण आटवायचे. इथेच बहुतेक जण घाई करतात. ओल राहिली की कबाब तेलात फुटलाच. मग कोरडेच वाटायचे, कांदा-कोथिंबीर आणि एक अंडे घालून मळायचे, चपट्या टिकिया करून बारीक रव्यात घोळायच्या. तेल चांगले तापू द्यायचे आणि खालची बाजू तांबूस होईपर्यंत उलथने लावायचे नाही. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. असेच काही टीव्हीवर विलायती नावाने, पांढरा कोट घातलेला आचारी करतो तेव्हा ती पाककला ठरते.

आपल्याकडे कुरकुरीत मांस नव्हते का? चान्या होत्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर उन्हात वाळवायच्या आणि पुढे महिनोन्‌महिने पुरवायच्या. तळायला तेल कुठले? निखाऱ्यावर भाजायच्या. दुष्काळी मुलखातली ही साठवण होती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या मांग-महारांच्या चुली लिहून काढल्या, तेव्हा कित्येकांना प्रथमच कळले की यालाही पाककृती म्हणतात. २०२४ साली ते पुस्तक इंग्रजीत गेले. आपल्या किती घरांत मराठी प्रत आहे?

याच २०१५ च्या मार्चपासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. परराज्यातून आणलेले मांस नुसते घरात सापडले तरी गुन्हा, असे जे कलम होते ते मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. माणसाने घरात काय खावे हा त्याचा खाजगी हक्क आहे, हे न्यायालयाला सांगावे लागले. म्हशीचे मांस बंदीत नाही, तरी ‘मोठ्याचं’ हा शब्द आता लोक दबक्या आवाजात उच्चारतात. बकऱ्याचे मटण मजुराला परवडत नाही. ऊसतोडीला गाडीबैल घेऊन जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात थकलेल्या बैलाचे करायचे काय, हे मात्र कायदा करणाऱ्यांनी सांगितले नाही.

वहिनींना मी खिडकी उघडा म्हणालो नाही. घर माझे गेले नसते, त्यांचे गेले असते. पण कबाबाची कृती त्यांच्याकडून लिहून घेतली. आता वही घेऊन केज तालुक्यात आत्याकडे जायचे आहे. चान्यांना मीठ किती, ऊन किती दिवसांचे, हे तिला पाठ आहे. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे, आणि मागच्या वेळी विचारले तर म्हणाली, “शिकलेल्या माणसानं असलं इचारू नये.”