फायनलच्या नादात घाटाची रीत मोडू नका

थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेला जुन्नर-आंबेगावचे बैलगाडे शर्यतीला जमतात, त्यांत नवसाचे गाडे पुष्कळ असतात. नंबर येवो न येवो, गाडा घाटातून, म्हणजे शर्यतीच्या चढावरून, पळाला आणि भंडारा उधळला की नवस फिटतो. आपल्याकडची बक्षिसाची रीतही याच मनोवृत्तीला धरून आहे. गाडे एकेक करून सुटतात. पुढे घोडी, मागे चार बैल, गाड्यावर कोणीच नाही. भिर्रर्र म्हणेपर्यंत काही सेकंदांत बारी संपलेली असते. स्पर्धा घड्याळाशी. ठरलेल्या सेकंदांत जितके गाडे बसतील तितके पहिल्या नंबरात, त्यापुढचे दुसऱ्यात, आणि त्या त्या नंबराची रक्कम त्यांच्यात वाटली जाते. फळीफोड आणि घाटाचा राजा या किताबांचे मान वेगळे. या रीतीवर अलीकडे फायनलचे ओझे चढू लागले आहे. ते उतरवायला हवे.

सातारा-सांगलीकडे मैदान सपाट असते आणि गाडे शेजारशेजारच्या तासांतून, म्हणजे पट्ट्यांतून, एकाच वेळी पळतात. गटात पहिला येईल तोच सेमीला, तिथला पहिला फायनलला. पोकरच्या शूटआउट स्पर्धेतही हेच चालते: पहिल्या दिवशी टेबलावरचे बाकी सारे बाद झाले की उरलेला एकच पुढे जातो. अशा पद्धतीत तगड्या गटातला दुसरा घरी जातो आणि त्याच्याहून कमी पळणारा, सोप्या गटातला पहिला पुढे सरकतो. पोकर खेळणारा हे समजून-उमजून डाव लावतो. बैलाला कोणी विचारलेले नसते. आपल्या घाटात घड्याळामुळे गटाच्या नशिबाचा प्रश्नच नव्हता. फायनल आली की मात्र सकाळी जीव तोडून चढ चढलेल्या बैलांनाच उन्हात पुन्हा जुंपायचे. चांगल्या बैलाच्या वाट्याला बक्षीस म्हणून आणखी एक बारी!

घाटात ही फायनल आली कुठून? सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने शर्यती थांबल्या आणि 16 डिसेंबर 2021 रोजी त्याच न्यायालयाने परवानगी देईपर्यंत घाट ओस पडले. 1 जानेवारी 2022 ला लांडेवाडीत शर्यत ठरली, पण कोरोनामुळे ऐन वेळी परवानगी रद्द झाली. इतक्या वर्षांची उपासमार संपल्यावर उत्साह उसळणारच. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत जेसीबी, बोलेरो अशी बक्षिसे लागली. रोख रक्कम वीस गाड्यांत वाटता येते, जेसीबी वाटता येत नाही. त्याला एकच धनी लागतो आणि तो ठरवायला फायनल लागते. मग त्या एका जागेसाठी लाखांचे बैल विकत घेणारे पुढे येतात, आणि गोठ्यात वाढवलेल्या खिल्लारावर गाडा पळवणारा शेतकरी पहिल्याच दिवशी प्रेक्षक होतो.

फायनलशिवाय गर्दी टिकत नाही आणि गर्दीशिवाय देणगीदार मिळत नाहीत, असे आयोजक सांगतात. देणगीदाराला नाव हवे असते, हे खरेच. पण जेसीबीच्या किमतीइतकी रोख नंबरांत टाकली, तर त्याचे नाव एका घराऐवजी शंभर घरांत जाईल. वाटणीत हाती येणाऱ्या पैशांतून टेम्पोचे भाडेही निघत नाही, ही गाडामालकांची तक्रारही खरी आहे. पण तिचा इलाज नंबरांची रक्कम वाढवण्यात आहे, एकालाच सारे देण्यात नाही. बैल पळवणेच मुळात क्रूर, असे म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. तरी त्यांच्या हाती नवा पुरावा आपणच का द्यावा? 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला, तो जनावरांचे हाल कमी करण्याच्या तरतुदींकडे पाहून. त्या कायद्यात हाल करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून येत्या हंगामात यात्रा कमिट्यांनी एवढे तरी ठरवावे: फायनल घ्यायचीच असेल तर ती त्याच दिवशी नको, आदल्या दिवशी पळालेल्या बैलांची डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी झाल्याशिवाय नको, आणि बक्षिसाच्या एकूण रकमेतला मोठा वाटा सेकंदांच्या नंबरांनाच राहावा. परवानगीचा अर्ज करतानाच हे लिहून द्यावे.