राजीनाम्याची रीत आणि मालकांची नीती

नोकरी सोडताना माणसाने कसे वागावे, याचे उपदेश हल्ली उदंड झाले आहेत. राजीनामा लेखी द्यावा, नोटिशीची मुदत पुरी करावी, हातातले काम दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, वरिष्ठांचे आभार मानावेत आणि जाताना तोंडातून कडू शब्द काढू नये, असे व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक सांगतात, कंपन्यांचे अधिकारी सांगतात आणि भाबडे पालकही आपल्या मुलांना सांगतात. या उपदेशात वावगे काहीच नाही. चालू पाळी वाऱ्यावर सोडून जाणारा माणूस मालकाचे नुकसान करतो तसे शेजारच्या यंत्रावरील सोबत्याचेही करतो, हे कोणत्याही कामगाराला शिकवावे लागत नाही. प्रश्न निराळाच आहे. सभ्यतेचा हा पाठ एकाच बाजूने का गिरवायचा? कामगाराने निघताना रीत पाळावी, तर मालकाने काढताना कोणती पाळावी?

‘राजीनामा’ हा शब्दच बोलका आहे. राजीनामा म्हणजे संमतिपत्र. मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात ‘राजीनामा-कबुलायत’ अशी जोडी असे. जुना खातेदार राजीनामा देऊन जमिनीवरचा हक्क सोडी आणि नवा कबुलायत लिहून सरकारदेणे पत्करी. म्हणजे सोडणे आणि बांधून घेणे ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होती. आजच्या नोकरीत कबुलायत मात्र नोकराने एकट्याने लिहायची असते, आणि राजीनाम्यातला ‘राजी’ कितपत राजी आहे, हे कोणी विचारत नाही.

या विषयाचा सर्वांत बोलका खटला शहाडचा आहे, हे शहाडकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. उल्हास नदीच्या काठी उभ्या असलेल्या सेंच्युरी रेयॉनने साठीच्या दशकाच्या आरंभी टायरसाठी लागणाऱ्या दोऱ्याचे उत्पादन हाती घेतले. त्यासाठी हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतील कंपन्यांशी तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि ते ज्ञान गुप्त राखण्याची हमी कंपनीने दिली. या विभागात एका तरुणाची पाळीप्रमुख म्हणून पाच वर्षांच्या करारावर नेमणूक झाली. करार १५ मार्च १९६८ पर्यंतचा होता. १९६३ सालात कित्येक महिने त्याला प्रशिक्षण मिळाले. १९६४ च्या अखेरीस त्याने राजीनामा कळवला आणि कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये अधिक पगाराची, दरमहा ५६० रुपयांची, नोकरी धरली.

सेंच्युरीने कल्याणच्या न्यायालयात दावा लावला. करारातील कलम असे होते की, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास उरलेल्या काळात नोकराने तशाच धंद्यात कोठेही काम करू नये, शिवाय सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी. न्यायालयाने २,४१० रुपयांची भरपाई मंजूर केली आणि कराराची मुदत संपेपर्यंत हिंदुस्थानात कोठेही टायरदोऱ्याच्या उत्पादनात पाळीप्रमुखाचे किंवा त्याच स्वरूपाचे काम करण्यास त्याला मनाई केली. उच्च न्यायालयात त्याचे अपील फेटाळले गेले. जानेवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. शेलत यांनी लिहिलेल्या निकालपत्रात, तेच कायम केले. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम धंदा करण्यास आडकाठी करणारे करार रद्दबातल ठरवते. परंतु करार चालू असतानाच्या काळापुरती घातलेली मनाई, ती अवाजवी कठोर किंवा एकतर्फी नसेल तर, त्या कलमाच्या आड येत नाही, असे तत्त्व या निकालाने रूढ केले.

आता याच करारातील दुसरे कलम पाहावे. आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने कंपनीला धंदा बंद किंवा कमी करावा लागला, तर तीन महिन्यांची सूचना किंवा तीन महिन्यांचा पगार देऊन ती नोकराला मोकळे करू शकत होती. म्हणजे कंपनीची अडचण तीन महिन्यांच्या पगारात भागत होती. नोकराची अडचण किंवा आकांक्षा मात्र सहा महिन्यांचा पगार देऊनही भागत नव्हती, वर उरलेली मुदत संपेपर्यंत हाताला आलेले कसब गुंडाळून ठेवण्याची शिक्षा होतीच. हा करार एकतर्फी नाही असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने एकतर्फी म्हणजे काय, ते तरी सांगावे.

मालकपक्षाची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रशिक्षणाला खर्च येतो. परदेशी भागीदाराला दिलेला शब्द पाळावा लागतो. शिकवून तयार केलेला माणूस प्रतिस्पर्ध्याने पळवला, तर शिकवायचे कोणी? या आक्षेपाला उत्तर आहे. खर्च झाला असेल तर तो हिशेबाने वसूल करावा. गुपित असेल तर ते फोडण्यास मनाई करावी, आणि तशी मनाई त्या करारात स्वतंत्रपणे होतीच. पण खर्चही वसूल करायचा, गुपितालाही कुलूप लावायचे आणि वर माणसाच्या हातालाही कुलूप लावायचे, हा हिशेब झाला नाही, ही वेठ झाली. विशेष असे की हीच मंडळी एरवी श्रमाच्या मुक्त बाजाराची स्तोत्रे गातात. श्रमिकाने जास्त दाम मिळेल तिकडे जावे, हे त्या बाजाराचे पहिले सूत्र. मजुरी वाढू न देण्याची मूक संगनमते मालक सदैव करून असतात, हे अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालीच नोंदवून ठेवले होते. तो काही समाजवादी नव्हता.

हे सारे जुने झाले, असेही कोणी समजू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली, आणि त्या निकालाच्या विवेचनात शहाडच्या पाळीप्रमुखाचा निकाल आधाराला आला. १९६८ सालीच मुदत संपलेला तो करार आजही नव्या नोकरदारांच्या मानेवर आहे. शहाडहून सकाळच्या लोकलने ठाणे-ऐरोलीकडे जाणाऱ्या संगणक-अभियंत्याला विचारावे. त्याच्या नेमणूकपत्रात बहुधा नव्वद दिवसांची नोटीस असते, आणि सेवामुक्तीचे पत्र हातात पडेपर्यंत नवा मालक दारात उभा करत नाही.

शहाडच्या पुढचेच स्टेशन आंबिवली. तेथे मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. हजारो कामगारांची घरे त्या भोंग्यावर चालत होती. त्यांपैकी कोणी राजीनामा दिला नव्हता, कोणी रीत मोडली नव्हती. त्यांच्या थकलेल्या देण्यांचा लढा दशकाहून अधिक काळ चालला. पाच वर्षांचा करार मोडणाऱ्या एका माणसाला देशभर मनाई झाली. हजारोंचा आयुष्यभराचा भरवसा मोडला, तेव्हा दुसरीकडे कारखाना काढण्याची मनाई कोणाला झाली?

याहून वाईट प्रकार सक्तीच्या राजीनाम्याचा. कपात करायची तर कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. माणसाने आपणहून सोडले, तर ही भरपाई वाचते. म्हणून केबिनमध्ये बोलावून, दार लावून, आधीच टंकलेला कागद पुढे सरकवला जातो आणि ‘तुमच्याच भल्यासाठी’ सही घेतली जाते. अशा कागदाला राजीनामा म्हणणे म्हणजे दरोड्याला देणगी म्हणण्यासारखे आहे. विषम बळाच्या पक्षांतील अन्याय्य करार न्यायालय मानणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या खटल्यात बजावले आहे. पण त्या तत्त्वाचा लाभ घ्यायला सही करण्यापूर्वी ते माहीत असावे लागते.

तेव्हा रीत शिकवायचीच तर ही शिकवावी. दुसऱ्याने लिहिलेल्या राजीनाम्यावर सही करू नये. तारीख घालून, प्रत ठेवून, पोच घ्यावी. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येईपर्यंत साधारणतः मागे घेता येतो, हे १९७८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सांगितले आहे. रक्कम हातात पडण्यापूर्वी ‘सर्व देणी मिळाली’ असे लिहून देऊ नये. पाच वर्षांची सलग सेवा असेल तर राजीनाम्यानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, आणि ती तीस दिवसांत मिळाली पाहिजे. सरकारी नोकराने मात्र राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांतील भेद ओळखावा, कारण राजीनाम्याने मागची सेवा आणि तिच्याबरोबर निवृत्तिवेतनही बुडते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत वेतन चुकते करावे, हे त्यांतील कलम स्वागतार्ह आहे. परंतु स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे कामगारांच्या आस्थापनांपुरती उरली आहे. मूळ केंद्रीय कायद्यात ही मर्यादा शंभरची होती. उल्हासनगरच्या गाळ्यांतील कारखान्यांत तीनशे माणसे कोठून असणार? शिवाय मुदतबंद नेमणुकीची मुदत संपली की ती कपात मानायची नाही, असेही या संहितेने ठरवले. म्हणजे मालकाला काढायला नको आणि कामगाराला सोडायला नको, नोकरी आपोआप विझते.

मागण्या अवघड नाहीत. नोटिशीची मुदत दोन्ही पक्षांना समान असावी. बाँडची रक्कम प्रशिक्षणाच्या सिद्ध झालेल्या खर्चाहून अधिक नसावी आणि सेवेच्या प्रत्येक महिन्याने ती घटावी. सेवामुक्तीचे पत्र हा मालकाचा प्रसाद न राहता कामगाराचा हक्क व्हावा. राजीनामा पक्का होण्यापूर्वी काही दिवसांचा फेरविचाराचा अवधी कायद्यानेच असावा. श्रम हा केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतील विषय आहे, म्हणून महाराष्ट्र शासनाला दिल्लीकडे बोट दाखवून सुटता येणार नाही.

संपाला संघटना लागते. राजीनामा हा एकट्या माणसाचा संप आहे. संघटना मोडत चालल्या असताना श्रमिकाच्या हाती उरलेले ते बहुधा शेवटचे हत्यार आहे. ते नम्रपणे वापरावे, नियमाने वापरावे. पण ते म्यान करून मालकाच्या पायाशी ठेवण्याला सभ्यता म्हणू नये.