शाळेची माती आधी तपासा!

शेतकरी बंधूंनो, दर्यावर्दी बांधवांनो,

मुलगा दहावी झाला की तुमच्या घरात एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? शेताचा तुकडा पुरत नाही, रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही. मग कोणीतरी सांगतो, आयटीआयला घाला. फिटर होईल, वेल्डर होईल, ट्रॉलरच्या इंजिनाचा मेकॅनिक होईल. सल्ला खरा आहे. फीचा हिशेब तुम्ही करता, बसभाड्याचाही करता. पण ज्या आवारात तो एकदोन वर्षे काढणार, तिथली माती, छप्पर आणि विहीर कशी आहे, हे तुमच्यापैकी कितीजणांनी विचारले?

हे खूळ कुठून काढले, असे म्हणाल. तर जरा माळव्यात चला. धार हे पवारांचे मराठी संस्थान. त्या धार जिल्ह्यातल्या बदनावर तालुक्यात, भैंसोला गावी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी २,१०० एकरांहून मोठ्या कापडउद्योग वसाहतीची पायाभरणी झाली. हजारो हातांना काम मिळेल असे सांगतात. हात तयार करायला कामशाळा लागतील. लागोत, आनंदच आहे! पण धोका आधी मोजला नाही की काय होते, हे याच जिल्ह्याने दोनदा पाहिले आहे.

धार, झाबुआ, अलिराजपूरचे आदिवासी शेतमजूर पोटासाठी गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले. ती धूळ त्यांच्या फुप्फुसांत बसली. सिलिकोसिस असे त्या रोगाचे नाव. त्यावर औषध नाही. २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. पैसे आले, माणूस आला का?

दुसरी गोष्ट भोपाळची. १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायू सुटला, कारखाना बंद पडला. पण आवारातले विष जमिनीत मुरून शेजारच्या वस्त्यांच्या पाण्यात उतरले. तिथे स्वच्छ पाणी पुरवा, असे सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली सांगावे लागले. उरलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी आणला तो धार जिल्ह्यातच, पीथमपूरला. लोक रस्त्यावर आले. जूनअखेर कचरा जळाला आणि मग राखेचा प्रश्न उभा राहिला. कारखान्याला कुलूप लावता येते, मातीला लावता येत नाही!

आता म्हणाल, शाळा म्हणजे काय भोपाळचा कारखाना? नव्हे. पण कामशाळा हा छोटा कारखानाच आहे. मोटार विभागातले जळके ऑईल, बॅटरीतले शिसे आणि आम्ल, वेल्डिंगचा धूर, जुन्या रंगातले शिसे, डोक्यावरचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे. या पत्र्यांवर आपल्या देशात अजून बंदी नाही. अखंड पत्रा फारसे काही करीत नाही. तो फुटला, कापला, भोके पाडली की सूक्ष्म तंतू उडतात आणि रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो. जळके ऑईल मागच्या दारी ओतले तर पहिल्या पावसाने ते ओहोळात जाते, ओहोळातून खाजणात, मानशीतून खाडीत. तुमचे भात आणि तुमच्या तिसऱ्या त्याच पाण्यावर वाढतात, हे विसरू नका.

तेव्हा करायचे काय? चार गोष्टी विचारा. या जागेवर पूर्वी काय होते? भंगाराचा अड्डा, पेट्रोलपंप, कचऱ्याचा डेपो? गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कागद नसला तरी त्यांना आठवते. जळके ऑईल आणि जुन्या बॅटऱ्या कोण नेतो, त्याची पावती आहे का? धूर-धूळ ओढणारा पंखा चालतो का, की भिंतीवर नुसता शोभेला आहे? आणि विहिरीच्या पाण्यात तेल, शिसे, क्रोमियम तपासले का? नुसते जंतू तपासून भागत नाही. मातीही एका जागची नको. चार ठिकाणची, वरची आणि खालची, प्रयोगशाळेत जाऊ द्या.

कायदाही आता तुमच्या बाजूला आहे. दूषित जागांबाबत केंद्राने जुलै २०२५ मध्ये नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने वा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाला द्यायची आणि मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. तुमच्या गावातली जागा संशयाची वाटली तर ग्रामसभेत ठराव करा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

कोणी म्हणेल, अशा चौकशीने शाळाच बंद पडेल. खोटे आहे! आमच्या पोरांना हुन्नर हवाच. म्हणून तर शाळा चांगली हवी. बी पेरण्यापूर्वी तुम्ही जमीन पाहता, होडी लोटण्यापूर्वी तळाची फळी ठोकून बघता. मग पोटचा पोर ज्या जागेत घालायचा, ती न पाहता कशी चालेल?